ओसरीचं ऋण

(शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी आपल्या विठ्ठल मंदिराच्या मंडपात झालेलं भाषण)



कमिटीनं सांगितलं, बुवा, दिंडीला शंभर वर्षं झाली, अंक काढतो आहोत, तुमचे दोन शब्द पाहिजेत. आम्ही चौथी शिकलेले. संत्र्याची बाग आणि टाळ, एवढंच आम्हाला समजते. म्हणून म्हटलं, जसं बोललो तसंच छापा. चुकलं असेल ते आमचं, बरोबर असेल ते संतांचं.

आज दिंडीच्या मोठेपणाबद्दल पुष्कळ बोलून झालं. आम्हाला दुसरी गोष्ट सांगायची आहे. शंभर वर्षांत ही दिंडी झोपली कुठं? सव्वा महिना पायी चालायचं. दिवसा ऊन-पाऊस डोक्यावर. पण रात्री पाठ टेकवायला जागा लागते, स्वयंपाकाला पाणी लागते, कीर्तनाला चार माणसं बसतील असा ओटा लागते. ते आपल्याला कोणी दिलं? त्या त्या गावच्या मारुतीच्या पारानं दिलं, विठ्ठलाच्या मंडपानं दिलं, चावडीच्या ओसरीनं दिलं, गावच्या विहिरीनं दिलं. कोणी भाडं मागितलं नाही, जात विचारून उठवलं नाही. आमच्या आज्यानं एका गावच्या ज्या ओसरीवर पाठ टेकवली, त्याच ओसरीवर आमच्या बापानं टेकवली आणि आम्हीही टेकवली. दिंडी रस्त्यानं चालते, पण टिकते ती गावच्या ओसरीवर.

आता गेल्या पंधरा-वीस वर्षांत आम्ही काय पाहिलं? मुक्कामाच्या गावी जावं तर मंडप पाडलेला. त्या जागी स्लॅबचं सभागृह, त्याला शटर, शटरला कुलूप, चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. पाराभोवती लोखंडी कठडा. विहीर कचऱ्यानं भरलेली. मग शाळेच्या पटांगणात ताडपत्री टाकून झोपायचं. दुसऱ्याच्या गावाला नावं ठेवणं सोपं आहे, मायबाप. आपल्या गावात काय केलं ते आम्ही सांगतो, कारण ते करणारे आम्हीच होतो.

वीसेक वर्षांमागं या मंडपाचं काम काढलं. पावती पुस्तक आमच्याच हातात होतं. हे सागवानी खांब काळे दिसतात म्हणून त्यांना बदामी ऑइलपेंट मारला. जोत्याच्या दगडालाही मारला. चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं. खाली चकचकीत टाइल बसवली, आणि टाइल नीट बसावी म्हणून प्रत्येक खांबाच्या पायाशी सिमेंटचा गोल ओटा बांधला. उद्घाटनाला जेवणावळ झाली. आमच्या गळ्यात हार पडला. लोक म्हणाले, बुवांनी देवळाचं सोनं केलं.

आपण संत्र्यावाले आहोत. संत्र्याच्या बुंध्याशी माती चढवली, आळ्यातलं पाणी बुंध्याला लागू दिलं, तर काय होते? डिंक्या होते. साल सडते, डिंक गळते, आणि वरून हिरवं दिसणारं झाड एका हंगामात वाळून जाते. म्हणून आपण दुहेरी आळं करतो, पाणी बुंध्यापासून दूर ठेवतो, मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावतो. झाडाचं हे शहाणपण आमच्याजवळ होतं. पण खांबाच्या बुंध्याला आम्ही सिमेंटचं आळं केलं आणि ओल आत कोंडली!

जुन्या माणसांनी खांबाखाली दगडाचा तळखडा का ठेवला होता? जमिनीची ओल लाकडाला लागू नये म्हणून. भिंतीत चुना का घातला होता? चुना श्वास घेते. भिंतीत आलेली ओल तो बाहेर उडू देते. सिमेंट ती उडू देत नाही. मग ओल वर चढते, विटेला मीठ फुटते, प्लास्टर फुगते, लाकडाला वाळवी लागते. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कोणाला विचारलं नव्हतं.

२०२३ च्या श्रावणात, रात्री हरिपाठ चालू असताना वरची मयाल कडकडली. वरून दोन कवेलू खाली आले. बायका-लेकरं ओरडत बाहेर पळाली. पांडुरंगाची कृपा, कोणाला लागलं नाही. सकाळी बत्ती घेऊन पाहिलं तर उजवीकडचे दोन खांब पायाशी पोकळ झालेले. बोट घातलं तर भुसा हातात येई. वरचा ऑइलपेंट मात्र तसाच चमकत होता.

गावाची सभा झाली. पाडा आणि स्लॅब टाका, असं सगळ्यांच्या आधी आम्हीच उठून बोललो. खोटं कशाला सांगावं! आमच्या मनात भीती होती आणि लाजही होती. पाडलं की आमची चूकही ढिगाऱ्यात जाईल, असं कुठंतरी वाटत होतं. दिवाळीनंतर पाडायचं ठरलं. पण वर्गणी जमली नाही, म्हणून देऊळ वाचलं. त्यात आमचं शहाणपण काही नव्हतं.

मग २०२४ ची आषाढी आली. पंढरपुरात बारीला लागलो. तुमच्यापैकी जे सोबत होते त्यांना आठवत असेल. त्या वर्षी १५ मार्चपासून २ जूनपर्यंत पांडुरंगाच्या पायावरचं दर्शन बंद ठेवलं होतं आणि देवळाच्या जतनाचं काम काढलं होतं. सुमारे ७३ कोटींचा तो आराखडा. त्यात नवीन काय लावलं यापेक्षा जुनं काय मोकळं केलं ते महत्त्वाचं. मधल्या काळात बसवलेलं ग्रॅनाइट आणि संगमरवर काढलं. आतला मूळ काळा दगड उघडा झाला. काम चालू असताना हनुमान दरवाजाजवळ एक तळघर सापडलं, त्यात जुन्या मूर्ती निघाल्या. चाळीस वर्षं आम्ही त्या देवळात गेलो, पण तो दगड आम्ही पाहिलाच नव्हता. तिथं भिंतीला हात लावला आणि आम्हाला आमचा बदामी ऑइलपेंट आठवला. ज्या पांडुरंगाच्या नावानं आम्ही सगळं झाकलं, त्याच्याच घरी झाकलेलं काढणं चालू होतं.

आपल्या रामटेकच्या गडावरही असंच झालं होतं. केवल नरसिंहाचं मंदिर वाकाटकांच्या काळचं, पंधराशे वर्षांचं. त्याच्या भिंतीवरचा लेप काढला तेव्हा खाली शिलालेख निघाला. त्यावरून वाकाटकांच्या प्रभावतीगुप्ता राणीच्या घराण्याची माहिती विद्वानांना मिळाली. अक्षरं तिथंच होती, लोक समोरून जात होते, पण वरून लेप होता. म्हणून सांगतो, जुन्या दगडाला रंग लावण्याआधी हात थांबवा. खाली काय आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

गावी परत आलो आणि दुसरी सभा बोलावली. ही सभा आमच्यासाठी कठीण होती. आधी म्हणालो होतो पाडा, आता म्हणायचं राखा. एका पोट्ट्यानं विचारलंच, “बुवा, तुमचं नक्की काय हाय जी? काल स्लॅब, आज लाकूड!” आम्ही म्हटलं, “काल आमचं चुकलं होतं, बापू.” मग सभा शांत झाली.

शेजारच्या तालुक्यातले एक म्हातारे सुतार आणले. त्यांनी सगळे खांब ठोकून पाहिले, कान लावून ऐकले, आणि म्हणाले, “महाराज, हे लाकूड मेलं नाही जी. याचं फक्त पाऊल सडलं. पाऊल कापलं तं माणूस मरत नाही.” रंग खरवडला तेव्हा प्रत्येक खांबावर आणि त्याच्या हस्तावर पटाशीनं केलेल्या बारीक खुणा निघाल्या. एकावर दोन रेघा, एकावर फुली, एकावर त्रिकोण. ज्या खांबाची जी खूण, तीच वरच्या हस्ताची. जुन्या सुतारांनी हिशेब ठेवला होता, की कधी उतरवावं लागलं तर कोणतं लाकूड कुठं बसवायचं ते पुढच्या माणसाला समजावं. मायबाप, आमच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांनी बांधलं त्यांचं नाव या देवळात कुठं नाही. पण दुरुस्त करणारा कोणीतरी येईल, एवढी त्याची आठवण त्यांनी ठेवली होती. आणि आम्ही त्यावर रंग फासला होता.

दोन खांबांचा सडका भाग कापून तिथं पक्क्या सागाचा तुकडा सांधून बसवला. सिमेंटचे ओटे फोडले, तळखडे मोकळे केले. टाइल काढली, खालची फरशी अर्धी शाबूत होती. भिंतीचं सिमेंट हलक्या हातानं छिन्नीनं काढलं. कळीचा चुना पाण्यात विझवून महिनाभर मुरत ठेवला, मग त्यात सुरखी आणि वाळू, गुळाचं पाणी, बेलाचा गर. पोट्टे हसले, म्हणाले, बुवा भिंतीला शिरा चारतात! पण चुन्याला घाई चालत नाही. सिमेंट काही दिवसांत दगड होते. चुना महिनोन्‌महिने हवा खात घट्ट होते, आणि सुरुवातीला ओल्या पोत्यानं त्याची निगा करावी लागते. या मंडपात तुम्ही आज बसले आहात. वर पाहा. कवेलू जुनेच आहेत, फुटले तेवढेच बदलले. स्लॅबच्या अंदाजापेक्षा खर्च कमी आला, वेळ मात्र तिप्पट लागला. पै-पैचा हिशेब मागच्या भिंतीवर लावला आहे.

आता बावलीची गोष्ट. ही आम्हाला मंडपापेक्षा मोठी वाटते.

देवळामागची पायऱ्यांची विहीर, जिला आपण बावली म्हणतो, तिच्यात नळ आल्यापासून कोणी उतरत नव्हतं. निर्माल्य, प्लास्टिक, जुन्या चपला, गणपतीच्या मूर्ती, सगळं तिच्यात. असं का झालं? जुन्या काळी मालगुजार या जागा सांभाळे, त्याच्या हुकमानं गाळ निघे. १९५१ साली मालगुजारी गेली. चांगलंच झालं, जमीन कसणाऱ्याला मिळाली. पण तलाव, विहिरी, पार यांचा धनी कोण, हे आपण ठरवलंच नाही. सरकारचं झालं, म्हणजे कोणाचंच राहिलं नाही.

मंडपाचं काम झाल्यावर आम्ही दवंडी दिली, रविवारी बावलीचा गाळ काढायचा, घरटी एक माणूस या. खालच्या वस्तीतही स्वतः सांगायला गेलो. ती माणसं आता बुद्ध विहारात जातात. १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा त्यांचे आईबाप पायी गेले होते. तिथं ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “महाराज, तुमी आमाले गाळ काढाले बलावता. पण माह्या सासूले त्या पायरीवर पाय ठेवू देला नोता. थे वरत उभी राहे. कोणी घागरीत पानी वाढलं तं घेऊन जाय, नाही तं रिकामी घागर घेऊन वापस. तो गाळ आमी काऊन काढावा?”

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. कीर्तनात आम्ही चोखोबा किती वेळा सांगितला! मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर पडून चोखोबा आणि सोबतचे मजूर गेले. ज्या गावात आत घर नव्हतं, त्या गावाची भिंत बांधताना गेले. पंढरपुरात नामदेव पायरीजवळ त्यांची समाधी आहे. आपण तिथं डोकं टेकवतो आणि पुढं जातो. पण त्याच देवळाचं दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं, हे फार कोणी सांगत नाही. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि पुढं ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबांना माहीत होतं, नुसती इमारत बांधून भागत नाही, तिचं दार कोणाकडे उघडते ते पाहावं लागते.

आम्ही त्या मायला म्हटलं, “बाई, खरं आहे. गाळ आम्ही काढतो. तुम्ही येऊ नका.” वर येऊन लोकांना सांगितलं, हा गाळ आपला आहे. काही जणांना राग आला, ते आलेच नाहीत. जे आले त्यांच्यात आमची तिसरी पिढी होती. पंप वरच ठेवला. डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवू नका, मायबाप, त्याच्या धुरानं माणसं गेलेली आहेत. दोन रविवार आम्हीच उपसलं. तिसऱ्या रविवारी खालच्या वस्तीतले सात पोट्टे फावडे घेऊन आले. आम्ही बोलावलं नव्हतं. काऊन आले, तेही विचारलं नाही. पाचव्या रविवारी खालची पायरी दिसली आणि झिरा फुटला.

पूजा करायची, नारळ फोडायचा, असं काहींचं म्हणणं होतं. आम्ही हात जोडले, म्हटलं, बावली गावाची आहे, देवळाची नाही. ग्रामसभेत ठराव घेतला आणि फलकावर लिहिलं, ही विहीर सर्वांची आहे. ती म्हातारी आली. नातवाचा हात धरून एकेक पायरी उतरली, पाण्यात पाय घातला, बराच वेळ उभी राहिली. तिनं आम्हाला माफ केलं असं आम्ही म्हणणार नाही. ती काही बोलली नाही. वर आली आणि घरी गेली. महाशिवरात्रीला पोट्ट्यांनी पायऱ्यांवर दिवे लावले, तेव्हा मात्र दोन्हीकडची लेकरं होती. काही लोक आजही तिकडे फिरकत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे. जुनं राखायचं म्हणजे सगळं जुनं राखायचं नाही. दगड राखायचा, दगडावरचा अन्याय राखायचा नाही.

पाराचं थोडक्यात सांगतो. पिंपळाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं होतं, ते फोडून माती मोकळी केली. त्याच्यावर खिळ्यांनी ठोकलेले वाढदिवसाचे फ्लेक्स काढले. त्या दिवशी दोन पुढारी आमच्यावर रुसले. बसायला दगडी ओटा दुरुस्त केला. मग बायकांनी विचारलं, “बुवा, पारावर गडीमाणसं बसतात. आमी कुठं बसावं?” आमच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. बावलीच्या बाजूची मोकळी जागा उकिरड्यातून सोडवली, दोन कडुलिंब लावले, दिवा लावला. संध्याकाळी तिथं आता भजनी मंडळ बसते, आणि ज्यांना भजन नको त्याही बसतात. बाजाराच्या जागेजवळ बायकांसाठी संडास पाहिजे, हे काम अजून राहिलं आहे. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता सांगितली ती याच मातीत, आणि गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. आपण त्यांची जयंती करतो, पण खराटा विसरतो.

शेवटी चार कामाच्या गोष्टी, बाहेरगावच्या मंडळींसाठी.

पहिली, पाडायच्या आधी एकदा जाणत्याला विचारा. एक जुना सुतार, एक चुन्याचं काम जाणणारा गवंडी, आणि पुरातत्व खात्याचा माणूस मिळाला तर फारच चांगलं. तुमच्या गावात केंद्राच्या संरक्षित वास्तूचा फलक असेल तर कायदा कडक आहे. हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते.

दुसरी, कागद पाहा. पार, बावली, देवळापुढचं आवार ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदलेलं आहे काय? गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं निघत आहेत. गावाची जागा त्यात गावाच्याच नावावर आली पाहिजे. नाही तर उद्या तिथं कोणाचं तरी दुकान उभं राहील.

तिसरी, पावसाळ्याआधी दरवर्षी वर चढा. सरकलेले कवेलू बसवा, भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप लहान असतानाच काढा. एक रोप दहा वर्षांत भिंत उभी चिरते. दरवर्षी निगा केली तर जीर्णोद्धाराची वेळच येत नाही.

चौथी दिंडीवाल्यांसाठी. आपण दुसऱ्याच्या ओसरीवर झोपतो. आषाढ पौर्णिमा झाली की पाडव्याला आपण सगळे धापेवाड्याला जमतो. कोलबास्वामींच्या भक्तीपायी पांडुरंग तिथं येतात ही आपली श्रद्धा. त्यांच्या गावी, चंद्रभागेच्या काठी, पत्रावळ्या आणि प्लास्टिक टाकून आपण परत यायचं, हे बरं दिसते काय? या वर्षीपासून आपली दिंडी ज्या जागेवर मुक्काम करेल, ती जागा झाडूनच पुढं निघेल. शंभर वर्षांचं भाडं यातच थोडं फिटेल.

आम्ही साठी ओलांडली आहे. पुढची शताब्दी पाहणार नाही. पण कोणीतरी हे खांब पुन्हा उतरवेल तेव्हा त्याला सुतारबाबांनी नव्या तुकड्यावर केलेली खूण दिसेल. जुन्या खांबावर दोन रेघा होत्या, त्यांनी खाली तशाच दोन रेघा काढल्या. आम्ही विचारलं, “तुमचं नाव नाही टाकायचं?” ते म्हणाले, “नाव काऊन जी? खूण पुरे.”

उद्या काला आहे, सगळ्यांनी या. आणि येत्या एकादशीला सकाळी सहा वाजता खराटा घेऊन बावलीवर या. आम्ही तिथंच असू.

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!